वरून खाली

व्हर्लिन,
तू यंत्र फिरवलंस तेव्हा मी दारातच उभी होते,
हातात बटाट्याची सालं, तोंडात शब्द नाही.
तुला ते गवत वाटलं.
वाटणारच.
तीन वर्षं ते गवतासारखंच वागत होतं.

बी कुठलं, ते तुला कधी सांगितलं नाही.
ज्या धान्यकोठाराच्या शिड्या तू एकतीस वर्षं चढलास
त्याच्याच मागे
रूळ उखडून नेल्यावर उरलेली ती पट्टी आहे ना,
कोणाची हे ठरलं नाही म्हणून कोणी नांगरली नाही.
इकडे मका, तिकडे सोयाबीन, आभाळ टेकेपर्यंत,
आणि मधे खडीत उभे सहा दांडे, करड्या पिसांचे.
ऑक्टोबर होता. मुलांना सोडून रिकामी बस घेऊन येत होते.
थांबवली. मूठभर ओरबाडलं, कोटाच्या खिशात.
चोरी म्हण हवं तर.

वाचनालयातली गुद्रुन म्हणाली,
थंडी पोटात गेल्याशिवाय हे बी डोळा उघडत नाही.
मग ओल्या वाळूत कालवून
फ्रीजमध्ये, लोण्याशेजारी, तीन महिने.
डब्यावर मोठ्या अक्षरात : खाऊ नये.
तू तरी झाकण काढून वास घेतलासच.

पहिल्या वर्षी एकेक पातं.
दुसऱ्या वर्षी दोन. कुठे तीन.
मी गुडघ्यांवर बसून खरं गवत उपटायची
आणि दर वेळी हात थबकायचा :
हे ते, की ते हे?
दोनदा चुकले. दोन्हीदा परत खोचलं,
माफी मागितली, इकडेतिकडे बघून.

मग गावाचं पत्र आलं. दहा इंचांवर गवत, दंड.
तू ते माझ्या टेबलावर वाचलंस,
काही बोलला नाहीस,
आणि शनिवारी सकाळी, मला दंड पडू नये म्हणून,
आलास.

जूनपासून मी तुझ्याशी बोलले नाही.
बर्फ पडलं, तू माझी वाट साफ करून गेलास,
मी पडद्याआडून पाहिलं, कॉफी विचारली नाही.
हे माझ्या खात्यावर.

पण ऐक. यंत्राला वरचंच दिसतं.
खाली लसणाच्या गड्ड्याएवढे कंद होते,
खरबरीत, कुरूप, आपल्या कामात.
काही उंदरांनी नेले. तीस लावले होते,
अकरा उरले.
या जुलैत ते माझ्या खांद्याला लागले.

नाव म्हणे ब्लेझिंग स्टार. मला नाही पटत.
तारा कसला, बाटल्या धुवायचा ब्रश आहे तो.
आणि जांभळा म्हणशील तर
ट्रेलरच्या कडीत सापडलेलं तुझं नख आठव,
तिसऱ्या दिवसाचं.
तो रंग. पण न दुखणारा.

आणखी एक. बाकीची फुलं
खालून वर उमलत जातात, जिना चढल्यासारखी.
हे उलटं.
आधी शेंड्याला फुटतं,
मग रोज एक-दोन पायऱ्या खाली, चाचपत,
खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर
तू कोठारावरून उतरायचास ना, तसं :
एक पाय, मग दुसरा त्याच्याशेजारी, मग दम.
खाली उभी राहून मी तेव्हा मोजायची.
आता हेही मोजते. सवय.

काल नारिंगी फुलपाखरं आली, चार.
गावाचा माणूसही आला, टेप घेऊन.
मी म्हटलं, मोज.
त्याने मोजलं नाही. टेप खिशात घातली,
नाव विचारलं, आणि बराच वेळ उभा राहिला.

वरचं आता तपकिरी पडायला लागलंय.
खालची चार बोटं अजून हिरवी आहेत,
म्हणजे आठवडा. ऊन तापलं तर पाच दिवस.
फाटक लावलेलं नाही.
यंत्र घरी ठेव.
आणि शेंड्याकडे बघत बसू नकोस,
ते झालं ते झालं.
खाली बघ.